अण्णांच्या कानाची ट्रायल

सोलापूरकडे चार दिवस फिरून आलो असं सांगितलं की पुण्यातला माणूस आधी विचारतो, "कुणाचं लग्न होतं का?" नव्हतं. "मग देवदर्शन?" तेही नाही. फिरायला म्हणून कोकणात जावं, महाबळेश्वरला जावं, सोलापूरला कुणी जातं का, असा एकूण सूर. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तर "चादरी आणल्यात?" एवढंच विचारलं आणि नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. ज्यांनी दार लावलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही तिघं होतो. एक मी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दुसरे माझे यजमान माधवराव, ज्यांना गाडी चालवता येत नाही, शिकावीशी कधी वाटली नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. तिसरे अण्णा. अण्णा म्हणजे बिबवेवाडीतले मोटार मिस्त्री, पंचाहत्तरी ओलांडलेले, माझे गुरू. आणि चौथी आमची गाडी. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे एवढं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळतं, आणि बाकीच्यांना नाव सांगूनही फारसा उपयोग नाही.

निघण्याआधी

मोटारीचं वेड मला कुठून लागलं ते आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नाही. माहेर पेठेतलं. घरात चार सायकली होत्या आणि मोटार ही डॉक्टरांकडे नाहीतर लग्नाच्या वरातीत बघायची वस्तू होती. वडील दर रविवारी चारही सायकली उलट्या करून तेलपाणी करायचे आणि मी शेजारी पाना धरून बसायची. बाराव्या वर्षी मी कुणाला न विचारता मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडलं आणि त्यातले बारीक छर्रे मोरीत वाहून गेले. वडील ओरडले नाहीत. "काढलंस ना, आता बसव," एवढंच म्हणाले. नवे छर्रे आणून, ग्रीसमध्ये एकेक चिकटवून मी ते बसवले. दोन दिवस लागले. आईला काळजी वाटली ती माझ्या नखांची.

लग्नानंतर काही वर्षांनी ही गाडी घेतली, सेकंड हँड. माधवरावांनी ती घरापुढे उभी केली, म्हणजे विकणाऱ्याने उभी केली, आणि किल्ली माझ्या हातात दिली. चालवायला मी महिन्यात शिकले. पण गाडी बिघडली की गॅरेजवाले म्हणायचे, "ताई, साहेबांना पाठवा." साहेबांना बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नव्हतं. दर वेळी काहीतरी बदललेलं असायचं, काहीतरी राहिलेलं असायचं, आणि मी मान डोलावून परत यायची. शेवटी कुणीतरी बिबवेवाडीतल्या अण्णांचं नाव सांगितलं. मी गेले आणि सरळच म्हणाले, "मला दुरुस्त करून नको. शिकवा."

अण्णा गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "कशाला?"

"दर वेळी कुणीतरी मला मूर्ख बनवतं म्हणून."

"हां," आतून आवाज आला, "ह्ये कारण चांगलं हाय."

पण तीन महिने त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी जायचं, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. मग ऐकत उभं राहायचं. व्हॉल्व्हची टिकटिक, बेरिंगची गुणगुण, पट्ट्याची कुरकुर. "हात मागनं, बाई. आदी कान," ते म्हणायचे. स्वतः ते गॅरेजच्या दाराकडे पाठ करून बसायचे आणि कोपऱ्यावर वळणाऱ्या गाडीच्या आवाजावरून गिऱ्हाईक कोण आणि दुखणं काय ते सांगायचे. मी किती वेळा तपासून पाहिलं. चुकायचे नाहीत.

त्यानंतर तीस वर्षं मी माझी गाडी स्वतः राखली. ऑइल, बॅटरीचं पाणी, पॉइंट, प्लग, दर रविवारी. शाळेत चिडचिड झाली, घरात काही खुपलं, की मी खाली जाऊन बॉनेट उघडायची आणि अर्ध्या तासात माणसात यायची. आयुष्यात मला जे सुख लाभलं त्यातलं बरंचसं त्या बॉनेटखालचं आहे. आणि ते मला अण्णांनी दिलं, हे मी कुणालाही सांगते.

असे हे अण्णा गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी पहिल्यांदा आमच्या घरी आले. कोचाच्या अगदी कडेला बसले. चहा घेईनात. मग म्हणाले, "बाई, दोन गाड्या चुकल्या माझ्या."

एका गाडीला 'ठीक हाय' म्हणून त्यांनी सोडलं आणि ती लहान मुलांसकट कात्रजच्या घाटात बंद पडली. इंजिनाच्या आतली चेन वाजत होती म्हणे. अण्णांना ती ऐकूच आली नव्हती. दुसरीचंही तसंच. कुणाला इजा झाली नाही, पण अण्णा हादरले होते.

"डॉक्टरकडं गेलतो. त्यानं काचंच्या खोलीत बसवलं आन कानाला डबं लावून शिट्ट्या वाजवल्या. बारीक आवाजाच्या निम्म्या शिट्ट्या आल्या न्हाईत म्हणतो. म्या म्हटलं, मी गाड्या दुरुस्त करतो, शिट्ट्या न्हाय."

"मग?"

"मग लांब जाऊ कुठंतरी. तीन-चार दिस, तुमच्या गाडीतनं. तुमचा कान म्या तयार केलाय. तुमाला ऐकू येतंय त्ये मला येतंय का, एवढंच बघायचं. न्हाय आलं तर गुडीपाडव्याला शटर वढतो. लोकांची पोरं घाटात उभी करून धंदा न्हाय करायचा मला." वर म्हणाले, "पर खरं सांगायचं, बाई. गोड न्हाय लावायचं."

"सांगेन," मी म्हणाले. त्या वेळी ते सोपं वाटलं.

लोणी काळभोरच्या पुढे

सोलापूर रस्ता अण्णांनीच निवडला. ते मूळचे लोणी काळभोरचे. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ते ट्रायलला म्हणून लोणीपर्यंत न्यायचे, भावाच्या घरी पाणी प्यायचे आणि मागे फिरायचे. पन्नास वर्षं. त्यापुढे या रस्त्याने मोटारीतून ते कधी गेलेच नव्हते. "फुडं रस्ता कसा हाय त्ये गिऱ्हाईक सांगतं," म्हणाले.

जानेवारीतली सकाळ होती. हडपसर मागे पडलं, मांजरीकडे उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या उंच इमारती दिसायला लागल्या, आणि त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. लोणी आलं तसं अण्णांनी एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "हितनं फिरायचो," म्हणाले. मग परत येऊन बसले आणि दार नेहमीपेक्षा जरा जोरात लावलं. त्यापुढच्या प्रत्येक गावाची पाटी ते मोठ्याने वाचत होते. उरुळी कांचन. यवत. मला त्यांच्याकडे बघून इतका आनंद होत होता की मी गाडी मुद्दाम हळू चालवली.

यवत मागे पडल्यावर अण्णांनी हात वर केला. "थांबा. मागं कायतरी ठोकतंय. डावीकडं."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा निघालो, आता लक्ष देऊन. खड्डा आला की 'ठक'. दबकं, पण होतं. शॉकॲब्सॉर्बरचं रबर असेल म्हणून उतरलो. मी पोतं अंथरून गाडीखाली गेले. रबर ठीक. पुढे पुन्हा 'ठक'. पुन्हा उतरलो, चाकाचे नट पाहिले. तिसऱ्यांदा थांबलो तोवर रस्त्याकडेच्या टपरीवरची चार माणसं जमली होती आणि प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. पुण्यात गाडी बंद पडली तर लोक मागून हॉर्न वाजवतात. इथे लोक आपला चहा सोडून येतात आणि वाकून बघतात. एकाने तर आपणहून डिकी उघडली, आत हात घातला आणि एक स्टीलचा डबा बाहेर काढला. अण्णांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, दिलेले तिळाचे लाडू. डबा जॅकवर आपटत होता.

माधवराव तोवर रस्त्याकडेला बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "लाडवांना ग्रीस लावू नका म्हणजे झालं."

अण्णा पोट धरून हसले. लाडू तिथेच सगळ्यांना वाटले. मीही हसत होते, पण माझा आनंद वेगळा होता. डबा माझ्याआधी अण्णांनी ऐकला होता. डॉक्टरांना काय कळतंय, मी मनात म्हणाले.

मुक्काम भिगवणला होता. धरणाच्या फुगवट्यात तिथे थंडीत हजारो पक्षी उतरतात. नाववाल्याने आम्हाला पाण्यात आत नेलं आणि इंजिन बंद केलं. समोर रोहित पक्ष्यांची लांबच लांब रांग उभी होती, माना खाली घालून काहीतरी शोधत असलेली. शाळेत मी त्यांचं चित्र कित्येक वर्षं फळ्यावर काढलं होतं. पाहिले पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. अण्णा बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "एवढी लांब तंगडी, आन सांधा एकच. कुणी बनवलाय म्हणायचा!" परतताना त्यांनी नाववाल्याला त्याचं इंजिन कसं जड चालतंय ते सांगितलं आणि त्याने ते मान्यही केलं. संध्याकाळी खाणावळीत मी आणि अण्णांनी तळलेले मासे खाल्ले. माधवरावांनी पिठलं मागवलं आणि आमच्या ताटाकडे न बघता संपवलं.

उसाची ट्रॉली

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली आणि मला तो आवाज आला. बारीक, वरच्या पट्टीतला. चीं. क्षणभर, मग गेला. इंदापूरच्या पुढे वेग घेतला तसा पुन्हा. पाण्याच्या पंपाचं बेरिंग. पंप इंजिनात पाणी खेळवतो, त्याचं बेरिंग कोरडं पडलं की ते असं किरकिरतं. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं, पहिल्या महिन्यात.

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटून, मान मागे टेकून बसले होते. चेहऱ्यावर समाधान.

"अण्णा, काही वाटतंय का?"

"काय न्हाय. शिलाईच्या मशीनवानी पळतीया."

चीं. आता सलग. मी रस्त्याकडे बघत राहिले. 

मागून माधवरावांनी पेपर खाली केला. ज्या माणसाला तीस वर्षांत या गाडीचा हॉर्न सोडून दुसरा आवाज ओळखता आला नाही, तो म्हणाला, "हे काय किंचाळतंय?"

शेजारून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. "उसाची ट्रॉली," मी म्हणाले, आणि आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या डोक्याकडे. पेपर पुन्हा वर गेला.

मी तोंडाला फटकळ आहे. मुलांना, त्यांच्या आईबापांना, दोन मुख्याध्यापिकांना, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना मी जे खरं ते तोंडावर सांगितलेलं आहे. त्याचा मला थोडा गर्वही होता. आणि ज्याने खरं सांग म्हणून हात जोडले त्याच्यापुढे माझी जीभ उचलेना. माझ्या एका वाक्यावर त्यांचं गॅरेज बंद होणार होतं. मनाशी म्हटलं, बेरिंग पुण्यापर्यंत जाईल. घरी गेल्यावर गुपचूप बदलू.

सोलापूरबद्दल मला फार लिहायचं होतं, पण त्या दिवशीचं सगळं या एका गोष्टीने झाकोळलेलं आठवतं. तरी खाणावळ विसरणार नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेल. वाढणाऱ्या बाई शेजारच्या टेबलाशी तेलुगूत बोलत होत्या, स्वयंपाकघरात कानडीत ओरडत होत्या आणि आम्हाला मराठीत दटावत होत्या, "एवढंच खाता व्हय पुण्याची माणसं?" तिसऱ्यांदा चटणी मागितली तर पुण्यात मालक गल्ल्यावरून मान वर करून बघतो. इथे न मागता आली. दुपारी एक ते चार दुकानं उघडी होती हेही नमूद करते. त्याच बाजारात बेरिंगच्या दुकानावरून आम्ही चालत गेलो. मी पाटी वाचली आणि पुढे झाले.

नळदुर्ग आणि त्यानंतर

नळदुर्ग पाहायला आवर्जून जावं. नदी अडवून बांधलेली भिंत आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल. पावसाळ्यात भरपूर पाणी आलं की ते महालावरून धबधब्याने पडतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी खाली शांत होतं आणि महालात गार वारा होता. अण्णांनी भिंतीवर हात फिरवला, दगडांच्या सांध्यावर नख घालून पाहिलं. नख जाईना. "ह्याला मिस्त्री म्हणायचं," म्हणाले. आम्ही तिघं बराच वेळ तिथल्या खिडकीत बसून राहिलो, आणि मला वाटलं आत्ता सांगावं. नाही सांगितलं.

परतीच्या वाटेवर, अर्ध्या तासातच, तापमानाचा काटा चढला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं, लांब एक झोपडी. शेतातून एक जोडपं येताना दिसलं. "पाव्हणं, पाणी लागतंय का?" गृहस्थाने लांबूनच विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत त्याची बायको घागर आणायला वळलीसुद्धा.

इंजिन निवल्यावर अण्णांनी बाह्या सारल्या. पंख्याचं पातं धरून हलवलं. मग पंपाच्या दांड्यावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून तो पुढे-मागे सारून पाहिला. खालून पाणी ठिबकत होतं.

"बेरिंग गेलंय. दांडा लई खेळतोय, त्यानं पाणी अडवणारं शील फाटलं." मग बोटं तशीच ठेवून ते थांबले. "ह्ये आजचं न्हाय. दोन दिस वरडत असणार."

ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी ऐकलं न्हाय?"

"ऐकलं."

"कवा?"

"काल सकाळी. भिगवणहून निघतानाच."

"आन म्या?"

"तुम्हाला नाही ऐकू आलं, अण्णा. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मशीनसारखी पळतेय."

माधवराव पहिल्यांदाच पेपर गाडीत ठेवून बाहेर आले होते. "मलासुद्धा ऐकू आलं होतं," ते हळू म्हणाले. "मलासुद्धा, अण्णा." त्यांना मला सांभाळायचं होतं की अण्णांना, ते अजून कळलेलं नाही.

अण्णा बांधावर जाऊन बसले. शेतकऱ्याने आगटी पेटवली होती. त्याने न विचारता ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यावर धरली, हातावर चोळून गरम हुरडा अण्णांच्या ओंजळीत ओतला. त्याच्या बायकोने चटणी आणि गुळाचा खडा दिला. कोण, कुठले, काहीही विचारलं नाही. आम्ही पाचही जणं त्या धुरात बसून खात होतो. इतकं गोड मी आयुष्यात खाल्लं नसेल.

शेवटी अण्णा म्हणाले, "काल सोलापुरात बेरिंगचं दुकान हुतं. आपुन त्याच्या दारावरनं गेलो."

"हो."

"मला वाईट वाटंल म्हणून तुमी गाडीला मारत हुता." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "लोकं माझ्या तोंडावर बोलत्यात, ऐकू येतंय अण्णा, काय झालं न्हाय. बायको बोलती, भाऊ बोलतो. म्हणून तुमाला आणलं. अख्ख्या पुण्यात एक माणूस खरं बोलंल म्हणून."

मी मुलीसारखी रडले. साठी उलटलेली बाई, परक्याच्या शेतात. माफी मागितली, तीही धड शब्दांत नाही. अण्णांनी राहिलेला हुरडा माझ्या हातावर ओतला. "खावा," म्हणाले. "पाणी भरून घ्या गाडीत. हळूहळू निघू."

त्या जोडप्याने आम्हाला दोन कॅन भरून दिले. थोडं गेलं की थांबायचं, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं, असं करत अंधार पडायच्या आत सोलापूर गाठलं. कॅन परत पाठवायचे कसे म्हणून मी पत्ता विचारला होता. "ऱ्हाऊ द्या, गाडीला लागत्यात," त्या बाई म्हणाल्या होत्या. ते कॅन अजून माझ्या डिकीत आहेत आणि ते परत द्यायला मी पुन्हा त्या रस्त्याला जाणार आहे.

परत

सकाळी सोलापुरातल्या एका मिस्त्रीने पंप उतरवला, जुनं बेरिंग दाबून काढलं, नवं बसवलं. पन्नाशीचा माणूस होता. अण्णांनी शीलला बोट लावून "थोडं तिरकं हाय" म्हटल्याबरोबर त्याने यांना ओळखलं, म्हणजे माणूस कोणत्या जातीचा कारागीर आहे ते ओळखलं. काम झाल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि आदराने स्क्रूड्रायव्हर अण्णांपुढे धरला. "काका, तुम्हीच ऐका."

अण्णांनी तो घेतला. हातात फिरवला. मग माझ्याकडे दिला.

"मला न्हाय ऐकू येत," ते त्या माणसाला म्हणाले. "ह्या बाईंना इचारा."

मी टोक टेकवलं, मूठ कानामागे धरली. दोघं माझ्याकडे बघत होते. मी पूर्ण एक मिनिट ऐकलं. "बेरिंग चांगलं आहे," मी म्हणाले. "पट्टा थोडा सैल आहे." पट्टा सैलच होता. मिस्त्रीने ताणून दिला.

परतताना लोणीला अण्णांच्या भावाकडे पाणी प्यायलो. बिबवेवाडीला त्यांना सोडलं तेव्हा वहिनींनी डब्याबद्दल विचारलं आणि अण्णांनी तिळाच्या लाडवांची सगळी गोष्ट हसत सांगितली. बाकीची सांगितली नाही. मी घरी आले आणि पाडव्यापर्यंतचे दिवस मोजत राहिले. रविवारी बॉनेट उघडायचं मन होईना.

पाडव्याला सकाळी मी पेढे घेऊन गेले. शटर ओढलेलं बघायची मनाची तयारी करून गेले होते. गॅरेज उघडं होतं. दाराशी रंग ओला असलेली नवी पाटी होती:

"गाडी कसा आवाज करते ते गिऱ्हाइकाने नीट ऐकून यावे व येथे तोंडाने काढून दाखवावे. मिस्त्रींना ऐकू येत नाही. हात ठीक आहेत."

आत इस्त्रीचे कपडे घातलेले एक गृहस्थ कमरेत वाकून अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन "टर्र, टर्र, टक" असं करत होते. अण्णा गंभीरपणे ऐकत होते. "चढाला का उताराला?" त्यांनी विचारलं. गृहस्थांना सांगता येईना. "मग जावा. कात्रज चढून या. ऐकून या." गृहस्थ निमूटपणे गेले. बँकेत मोठे अधिकारी आहेत असं नंतर कळलं. दुसऱ्या एक बाई रांगेत उभ्या राहून आपला आवाज पुटपुटत पाठ करत होत्या.

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र अण्णा घरी वापरतात. गॅरेजमध्ये लावलं तर हातोडीचा घाव थेट डोक्यात बसतो म्हणतात. त्यामुळे बिबवेवाडीतली सभ्य माणसं हल्ली भर रस्त्यावर तोंडाने वाजतात, आणि आपल्या गाडीचं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात.

माझा नंबर तिसरा होता. पंख्याकडून येणारा एक बारीक आवाज मला आठवड्यापासून छळत होता, पण त्याचं मूळ सापडत नव्हतं. मी पदर खोचला, अण्णांच्या कानाशी वाकले आणि तो आवाज काढला, जसाच्या तसा, भर रस्त्यात, माझ्याच शाळेची दोन मुलं समोरून जात असताना. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडून माझ्याकडे पाहिलं.

"खरं?"

"खरं."

"मग उघडा बॉनेट," अण्णा म्हणाले आणि उठले.